इव्हॅक्युएट नव्हे, व्हेकेट

सोमवार, ३ मार्च. सकाळी सव्वाआठ.

फाटकावर नोटीस लागली आहे. नगर कार्यालय, इमारत विभाग. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. मजकूर इंग्रजीत. तपासणीत इमारत धोकादायक आढळली आहे, तरी सर्व रहिवाशांनी ती पंधरा दिवसांत इव्हॅक्युएट करावी.

तळमजल्याचा शिंपी आणि पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर 'धोकादायक' या शब्दापाशीच अडकून उभे होते. दोघांचे चेहरे उतरलेले. मी थेट 'इव्हॅक्युएट'वर गेलो. एकतीस वर्षं कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात काढली आहेत. माझ्या टेबलावरून चुकीचा शब्द कधी बाहेर पडला नाही. ऑफिसात मला पाठीमागे 'फुलस्टॉप' म्हणत. आदराने म्हणत असावेत.

इव्हॅक्युएट आणि व्हेकेट. सख्खे भाऊ, पण स्वभाव वेगळे. व्हेकेट म्हणजे जागा रिकामी करणे. माणूस आपल्या मर्जीने, सामान बांधून, वीजमीटरचा आकडा टिपून, किल्ली देऊन जातो. इव्हॅक्युएट म्हणजे आग, पूर, बॉम्ब. माणसाला असेल तसा बाहेर काढायचा. त्याला पंधरा दिवसांची मुदत कशी असेल? आग लागल्यावर आजपासून पंधरा दिवसांत बाहेर या असं कोण सांगतं?

म्हणजेच: धोका असता तर पंधरा दिवस दिले नसते. पंधरा दिवस दिले, म्हणजे धोका नाही. धोका नाही, म्हणजे नोटीस निराधार. मी हे दोघांना फाटकापाशीच समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असं आहे होय. शिंपी म्हणाला, काका, पण जिन्यातली ती भेग? मी म्हणालो, ती भेग नाही, प्लास्टरची सुरकुती आहे.

दुपारी चार.

नगर कार्यालयाला पत्र लिहिलं. चार पानं. पहिली तीन शब्दार्थावर, चौथं इमारतीवर. पाठीला रग लागली पण मन प्रसन्न. निवृत्तीनंतर पाच वर्षांत मला आलेलं हे पहिलं महत्त्वाचं पत्र. म्हणजे फाटकाला आलेलं. पण नीट वाचलं मीच.

हिला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानापर्यंत ऐकलं. मग म्हणाली, दोन्ही शब्दांत शेवटी आपण घराबाहेरच असतो ना? मी म्हणालो, मुद्दा तो नाही. ती उठून गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर वाण्याकडून रिकामी खोकी आणून ठेवलेली. सात. कशाला, विचारलं. म्हणाली, असू देत.

संकल्प: १. नोटीस दुरुस्त होईपर्यंत जागचं हलायचं नाही. २. हिच्याशी वाद घालायचा नाही. ३. उद्यापासून रोज सकाळी पाच किलोमीटर चालणे. लढ्यासाठी शरीर तयार हवं.

मंगळवार, ४ मार्च.

चालायला गेलो नाही. पत्र द्यायला जायचंच होतं, त्यात चालणं आलं. (रिक्षाने गेलो. कागद घामाने खराब झाले असते.)

आवक खिडकीवरच्या माणसाने पत्र न वाचता शिक्का मारला. मी म्हणालो, एकदा नजर तरी टाका. तो म्हणाला, साहेब, माझं काम शिक्का. मी त्याला दोन मिनिटांत फरक सांगितला. मागे रांग होती. रांगेतली एक बाई म्हणाली, अहो, त्यांना सोडा, आमची कामं आहेत. मी तिलाही थोडक्यात सांगितला.

एकंदरीत छाप पडली.

गुरुवार, ६ मार्च. संध्याकाळी सहा.

जिन्यात सभा. हजर: मी, ही, डॉक्टर आणि त्यांची पत्नी, शिंपी आणि त्याची बायको. तिसऱ्या मजल्यावरचे लोक परदेशी असतात, दाराला सहा वर्षं कुलूप. म्हणजे इमारत शंभर टक्के हजर.

मी चाळीस मिनिटं बोललो. ठराव मांडला की चुकीच्या शब्दाने काढलेली नोटीस रहिवाशांवर बंधनकारक नाही. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पेशंट असावा. सगळ्यांच्या वतीने कोण बोलणार असं मी विचारल्यावर डॉक्टर लगेच म्हणाले, तुम्हीच बोला. शिंपीही म्हणाला, काकाच बोलू देत. एकमताने निवड. एवढा विश्वास कंपनीनेही कधी दाखवला नव्हता.

ही मधेच म्हणाली, तुमचं बोलणं झालं असेल तर ती भेग जरा बघा, परवा तिच्यात नाणं मावत नव्हतं, आज मावतं. आणि खरंच एक नाणं घालून दाखवलं. सभेचा सूर बिघडला. मी म्हणालो, नाणं जुनं आहे, झिजलेलं आहे.

शनिवार, ८ मार्च. सकाळी अकरा.

नगर कार्यालयाच्या इंजिनिअर बाई आल्या. पिवळं हेल्मेट, हातात फूटपट्टी, वय तिशीचं. माझ्या पत्रामुळे आल्या असं मी समजतो. त्यांनी पत्र वाचलेलं नव्हतं. मी कॉपी दिली. त्यांनी ती घडी करून बॅगेत ठेवली. मला काका म्हणाल्या. मी त्यांचा काका नाही, पण सोडून दिलं.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, भेगेवर (सुरकुतीवर) त्यांनी काचेच्या बारीक पट्ट्या आडव्या चिकटवल्या. तीन. म्हणाल्या, काच ताणली जात नाही. पट्टी फुटली की समजायचं भिंत हलली, आणि लगेच मला फोन करायचा. नंबर लिहून दिला.

मी विचारलं, अहवालात 'भिंत हलली' याला तुम्ही मूव्ह्ड लिहिणार की शिफ्टेड? म्हणाल्या, काका, तुम्ही फक्त फोन करा.

जाता जाता हिच्याशी दहा मिनिटं बोलल्या. नदीपलीकडे सरकारी इमारतीत तात्पुरत्या खोल्या आहेत म्हणे. मुदतीच्या आत किल्ली जमा करणाऱ्यांना मिळतात. ही फॉर्म घेऊन बसली आहे. मी म्हणालो, फॉर्मवर व्हेकेट आहे की इव्हॅक्युएट? तिने वाचलं नव्हतं म्हणे. ज्या बाईने माझ्यासोबत तेहतीस वर्षं काढली ती फॉर्म न वाचता भरते.

चालणं: गुडघा धरला आहे.

सोमवार, १० मार्च.

डॉक्टर गेले. सकाळी ट्रक आला तेव्हा मला कळलं. मी विचारलं, ठरावाचं काय? म्हणाले, ठराव आहेच हो, पण बायको ऐकत नाही. माझीही ऐकत नाही, पण मी ट्रक बोलावला नाही.

त्यांची ती पेशंटची खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली. चार माणसं, एक तास. मी वरून सूचना देत होतो. शेवटी एकाने विचारलं, साहेब, उचलू लागता का? मी म्हणालो, गुडघा.

नोंद: डॉक्टरांनी व्हेकेट केलं. सामानासकट, आपल्या मर्जीने, किल्ली देऊन. म्हणजे स्वतःच्या वागण्याने त्यांनी माझाच मुद्दा सिद्ध केला. जाणाऱ्या ट्रकला मी हात केला.

मंगळवार, ११ मार्च.

शिंपीही डळमळीत. मी खाली जाऊन त्याच्यापाशी बसलो. दुकान पुढे, राहायचं मागे, मधे पडदा. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर घेतलेली, साठ जोड, वीस तारखेला द्यायचे. मशिनं हलवली तर चार दिवस जातील म्हणाला. तरी बायको घाबरते, काय करू काका?

मी त्याला शांतपणे सगळं समजावलं. पंधरा दिवस म्हणजे धोका नाही. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, पडलो तर मी आधी पडेन. तो हसला. मी म्हणालो, एक आठवडा थांब, मी बोलतो आहे ना वर. तो म्हणाला, तुम्ही म्हणता तर थांबतो. बायकोला आत जाऊन म्हणाला, काका थांबतायत, काका शिकलेले आहेत.

वर येताना छाती भरून आली. एक माणूस पुरे.

गुरुवार, १३ मार्च. सकाळी नऊ.

विजय. फाटकावर नवीन नोटीस. जुनी काढून तिच्या जागी. 'दिनांक ३ मार्चच्या सूचनेतील शब्दात दुरुस्ती करण्यात येत आहे. इव्हॅक्युएट ऐवजी व्हेकेट असे वाचावे.' पत्र वाचलं गेलं. कुणीतरी टेबलाशी बसून माझी चार पानं वाचली, मान डोलावली, आणि सरकारी कागद बदलला. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. तेव्हा माझ्या दुरुस्त्या साहेब आपल्या नावाने पाठवत.

मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, म्हणजे आता नोटीस अगदी बरोबर झाली ना? मी म्हणालो, अगदी बरोबर. ती म्हणाली, मग आता जायला काय हरकत आहे?

फोनवर आवाज नीट येत नव्हता.

शुक्रवार, १४ मार्च.

रात्रभर विचार केला. मुलीचा प्रश्न वरवरचा आहे. नोटीस आता व्हेकेट म्हणते. व्हेकेटमध्ये मर्जी आली. मर्जीचा मालक मी. माझी मर्जी नाही. म्हणून आता तर जायचं कारणच उरलं नाही.

हे हिला सकाळी सांगितलं. ती भांडी कागदात गुंडाळत होती. एक वाटी हातात धरून माझ्याकडे वळली. म्हणाली, आधी शब्द चुकीचा होता म्हणून थांबलात. आता बरोबर आहे म्हणून थांबताय. मला एक सांगा, कुठला शब्द लिहिला तर तुम्ही निघाल?

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

तिने वाटी खोक्यात ठेवली. खोकी आता अकरा झाली आहेत. संकल्प क्रमांक दोन पाळला. वाद घातला नाही. दिवसभर नाही.

शनिवार, १५ मार्च. दुपारी दोन.

ही गेली.

गेली म्हणजे तात्पुरती. नदीपलीकडे, खोली नंबर बारा. टेम्पो सकाळी साडेनऊला आला. डॉक्टर स्वतः मदतीला आले होते, हे मला आवडलं नाही. आधी सामान गेलं, मग ही पुन्हा वर आली. पंखा बंद केला. गॅस बघितला. माझ्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते दाखवलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात चादर आहे म्हणाली.

मग दारात उभी राहून म्हणाली, मी भांडून जात नाहीये. मला त्या भिंतीची भीती वाटते. जिन्यावरून जाताना मी श्वास धरून जाते, बारा दिवस झाले. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही. चला माझ्यासोबत.

मी म्हणालो, शिंप्याला मी शब्द दिला आहे. तो माझ्या भरवशावर थांबला आहे. हे खरंच होतं. ती म्हणाली, मग त्यालाही घेऊन चला. याला मला पटकन उत्तर सुचलं नाही. वेळ मिळाला असता तर सुचलं असतं.

तिने तिची किल्ली जमा केली. माझी माझ्याकडे आहे.

घरात आवाज फार येतो. खोकी गेल्यामुळे. भात थोडा लागला, पण खालचा तेवढाच. वरचा चांगला होता.

रविवार, १६ मार्च. सकाळी दहा.

मधली काच फुटली आहे.

फुटली म्हणजे तडकली. सरळ रेषेत, भेगेच्या बरोबर वर. कारणांचा विचार केला. (अ) काच हलक्या प्रतीची. सरकारी खरेदी. (ब) डॉक्टरांच्या खुर्चीचा धक्का. खुर्ची सोमवारी गेली, काच रविवारी फुटली, हे मान्य. पण काचेवर आघाताचा परिणाम उशिरा होतो असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं. (क) हवामान.

फोन करायचा होता. रविवार होता. सुट्टीच्या दिवशी सरकारी बाईंना त्रास देणं बरं नव्हे.

दोन्ही तुकडे जागेवर होतेच. पारदर्शक चिकटपट्टी लावली. खालच्या पायरीवरून पाहिलं, काही दिसत नाही. जवळून दिसतं. जवळ जाऊन बघण्यासारखं तिथे काही नाही.

संध्याकाळी हिचा फोन. भिंत कशी आहे? मी म्हणालो, आहे तिथेच आहे. जेवलात का? जेवलो. काय? मी म्हणालो, भात.

सोमवार, १७ मार्च. दुपारी एक.

सव्वाअकराला खाली मोठा आवाज झाला. मी वरून हाक मारली. उत्तर नाही. उतरलो.

शिंप्याच्या दुकानातलं छत पडलं होतं. सगळं नाही, टेबलावरचं. दोन हात लांब, एक हात रुंद, चांगलं जाड. बेतलेल्या कापडांचा ढीग त्याच्याखाली. कात्री वाकली होती. शिंपी दारात उभा होता, गळ्यात टेप, समोर एक गिऱ्हाईक, वहीत अर्धी मापं लिहिलेली. गिऱ्हाईक उजेडात माप घ्या म्हणालं म्हणून दोघं दारापर्यंत आले होते. त्याची बायको पडद्यामागे त्यांच्या लहान मुलीला आंघोळ घालत होती. कुणाला काही झालं नाही. कुणाला काहीही झालं नाही, हे दोनदा लिहितो.

मी म्हणालो, प्लास्टर पडणं वेगळं आणि इमारत पडणं वेगळं. हे मी का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. तोंडून निघालं.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, असेल काका. तुम्हाला शब्द कळतात. मला टेबल कळतं. या वेळेला मी रोज तिथेच उभा असतो.

मग मशिनं बाहेर काढायला लागला. एक मी त्याच्यासोबत उचललं. फुटपाथवर नेऊन ठेवलं. गुडघ्याला काही झालं नाही. मशीन जड असतं.

त्याला एक आठवडा थांब असं मी म्हणालो होतो. इथे नोंदवून ठेवतो. आज आणखी काही लिहीत नाही.

मंगळवार, १८ मार्च. संध्याकाळी साडेपाच.

सकाळी नऊला इंजिनिअर बाईंना फोन करायचं ठरवलं. नंबर शोधत होतो. साडेनऊला त्या स्वतःच आल्या. शिंप्याने कळवलं होतं.

जिन्यात थांबल्या. हेल्मेट मागे सारून काचेजवळ डोळे नेले. नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं. म्हणाल्या, ही कुणी लावली? मी म्हणालो, काच तशी ठीक होती, निखळून कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. कधी फुटली? मी म्हणालो, रविवारी.

त्या पायरीवर बसल्या. ओरडतील असं वाटलं होतं. हळू आवाजात म्हणाल्या, रविवारी फोन आला असता तर मी दुपारपर्यंत खालच्या लोकांना बाहेर काढलं असतं. सोमवारी त्या टेबलापाशी कुणी नसतंच. मी म्हणालो, सोमवारीही टेबलापाशी कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, ते नशीब, काका. तो काही तुमचा मुद्दा नव्हे.

मग बॅगेतून कागद काढला. तिसरी नोटीस. फक्त माझ्या नावाची, कारण आता मीच उरलो आहे. 'इव्हॅक्युएट फोर्थविथ.' फोर्थविथ म्हणजे तत्क्षणी. दोन वेळा वाचली. मुदत नाही, मर्जी नाही. शब्द पूर्ण बरोबर. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्याच पत्रातून घेतला, पान दोन. आता चला.

माझी कॉपी त्यांनी ठेवली होती. वाचलीसुद्धा होती.

मी म्हणालो, थोडं आवरायचं आहे. त्या म्हणाल्या, दोन तासांत गाडी येईल, तोवर जिन्यात पाऊल ठेवू नका. बाराला गाडी आली. हॉर्न वाजत होता. मी आंघोळ करत होतो. कुणीतरी खालून नाव घेऊन हाका मारल्या, मी आलो म्हणालो. नळ चालू होता, ऐकू गेलं नसेल. बाहेर आलो तर गाडी नव्हती. फाटकाला दोरी बांधली आहे आणि पाटी, इमारत रिकामी. सरकारी लोकांना धीर नसतो.

पाटी चुकीची आहे. आत मी आहे. उद्या सकाळी लेखी कळवीन.

एक खरं लिहायला हवं. गाडी आली ते मला कळलं होतं. टॉवेल गुंडाळून मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. या घराबाहेर मी कोण आहे ते मला ठाऊक नाही. इथे निदान माझं टेबल आहे.

हे वरचं खोडायला हवं. नंतर खोडतो.

बुधवार, १९ मार्च. दुपारी तीन. एका शाळेच्या सभागृहात.

सकाळी सात चाळीसला चहा ठेवला होता. आधी कपाटाचं दार आपोआप उघडलं. मग बाहेर काहीतरी बराच वेळ खाली जात राहिल्याचा आवाज. मग धूळ. दार उघडलं. दारापुढे उंबरठा होता आणि उंबरठ्यापुढे काही नव्हतं. जिना नव्हता. एक मजला खाली डॉक्टरांच्या घराच्या भिंतीचा पिवळा रंग दिसत होता, त्याच्याखाली उजेड.

मी दार लावून घेतलं. कडीसुद्धा लावली. का, ते विचारू नये.

गॅस बंद केला. हे मी केलं, याची नोंद व्हावी.

बाल्कनीत गेलो. रस्त्यावरून दूधवाला वर बघत होता. मी त्याला म्हणालो, जिना गेला आहे, कुणाला तरी कळवा. आवाज नेहमीचा होता असं मला वाटलं. नंतर तो म्हणाला, मला काही शब्द ऐकूच आले नाहीत, नुसता हात दिसला.

अग्निशमन दल वीस मिनिटांत आलं. शिडी बाल्कनीला लागली. वर आलेला जवान माझ्या मुलीच्या वयाचा. मी पत्रव्यवहाराची फाइल काखेत घेतली होती. तो म्हणाला, आजोबा, दोन्ही हात लागतील. मी म्हणालो, महत्त्वाचे कागद आहेत. तो म्हणाला, कशाचे? मी सांगायला सुरुवात केली. त्याने फाइल माझ्या काखेतून काढून खुर्चीवर ठेवली, माझ्या कमरेला पट्टा बांधला, आणि म्हणाला, पाय खाली, माझ्याकडे बघा, बोलू नका. एकवीस पायऱ्या. मी बोललो नाही. रोजनिशी खिशात होती, ती तेवढी वाचली.

खाली माणसं जमली होती. इंजिनिअर बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. पाटीकडे बघत मला म्हणाल्या, मी स्वतः वर येऊन बघायला हवं होतं, चूक माझी. मी म्हणालो, तुमची नाही. एवढं एकच वाक्य आज मला नीट बोलता आलं.

शिंपी पाणी घेऊन आला. ग्लास मी दोन हातांनी धरला.

ही नऊला पोचली. बस बदलून. माझ्या खांद्यावरची धूळ झाडत राहिली, झाडून संपल्यावरसुद्धा.

नोंद: मी इव्हॅक्युएट केला गेलो. कर्मणी प्रयोग. करणारे दुसरे.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी अकरा.

काल यंत्राने उरलेली बाजूही पाडली. मी बघायला गेलो नाही. पाय दुखत होते.

सभागृहात खाट नंबर नऊ. खोल्या फक्त मुदतीत किल्ली दिलेल्यांना. नियम स्पष्ट आहे, शब्दयोजना चांगली आहे, मला त्यात एकही फट सापडली नाही. दोन दिवस शोधली.

ही दोन्ही दिवस डबा घेऊन आली. पहिल्या दिवशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, खोली बारा माझ्या नावावर आहे. तुम्हाला आणायचं तर अर्ज करावा लागतो, मी केला. आज सही करायला चला.

नदीपलीकडच्या त्या इमारतीत तळाला कचेरी. टेबलाशी एक थकलेले कारकून. समोरचा कागद इंग्रजीत. मूळ रहिवासी: हिचं नाव. सोबत राहणार असलेली व्यक्ती: माझं. नातं: पती. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा: लेट अरायव्हल.

मी वाचलं. उशिरा आलेला माणूस, नंतर सामील झालेला, राहून गेलेला. तीन पर्याय डोक्यात आले. चौथाही आला. कारकून पेन पुढे करून म्हणाले, काही चुकलंय का, साहेब? दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच सांगा.

ही खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हणालो, नाही, बरोबर आहे. सही केली.

ती म्हणाली, चला मग, पहिलाच मजला आहे. आणि जिन्यापाशी माझी वाट बघत थांबली.